माघारी येणारी वीज आणि मावशीचं लुगडं

सिरसाळ्याच्या आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका गावाबाहेर बडबड्या आणि घरात घुमा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा झाला नसेल. सरकीचं दुकान होतं, पण ते नावाला. सगळा जीव माडीवरच्या, स्वतः जुळवलेल्या बिनतारी यंत्रात. रोज सकाळी त्यातून "हालो, सिरसाळा बोलतोय!" असं ओरडायचे आणि ते परळीतल्या एका दोस्ताच्या रेडिओवर उमटायचं. दुकानात गिऱ्हाइकाला मात्र भावसुद्धा खुणेनं सांगत. मी तेव्हा त्यांच्या दुकानात कामाला होतो, त्यामुळे बोलण्याचं खातं माझ्याकडे.

यंत्रावर दोन इवले दिवे होते. वीज अंगणावर ताणलेल्या, आवाज हवेत सोडणाऱ्या लांब तारेत नीट गेली की पहिला उजळे. लांबी जुळली नाही आणि तारेनं ती परत लोटली की दुसरा. "इवायाला आहेर पसंत न्हाई पडला, की माघारी धाडतो. तसं हाय हे," काका सांगत, आणि तार कुठे वीतभर कापत, कुठे जोडत बसत.

याच तारेवर मावशी न्हाल्याबरोबर आपलं ओलं लुगडं वाळत टाकायची. काका चिडायचे, ती ढिम्म. एकदा ते बोलून गेले, "लुगडं काढ, न्हाईतर तू बी नीघ!" मावशीनं दोन्ही केलं. लुगडं काढलं आणि धर्मापुरीला माहेरी निघून गेली.

दुसऱ्या सकाळी मोकळ्या तारेकडे बघत काका ऐटीत यंत्रापुढे बसले, तर दुसराच दिवा भडकला. वीज सगळी माघारी. यंत्रातला काचेचा व्हॉल्व्ह तापून लालबुंद झाला. जोडण्या तपासून झाल्या, खापर माझ्यावर फोडून झालं, आणि मग काकांनी कपाळावर हात मारला. रोज तार जुळवली ती सकाळी, म्हणजे वर ओलं लुगडं असतानाच. तार जुळली होती ती मावशीच्या लुगड्यासकट!

बैलगाडी जुंपून काका तडक धर्मापुरीला. मला सोबत घेतलं, बहुधा बोलायला. मावशी दारातच उभी. "काहून आलात?"

"तुजं लुगडं न्हाई तर तार वीज घेईना. समदी माघारी येतीय," काका स्वतःच बोलले.

मावशी पदरात हसली. "मंग लुगडं घिऊन जावा की!"

काका खाली बघत म्हणाले, "नुसतं लुगडं न्हाई चालत."

मावशी गाडीत येऊन बसली.

पुढे कितीतरी वर्षांनी मी त्यांना छेडलं, "काका, तारेला हातभर जोड दिला असता तरी भागलं असतं की!"

"ठावं होतं, लेका," ते म्हणाले. "पन मंग तिला आणाया काय सांगून गेलो असतो?"

मावशी वारल्यावर काकांनी यंत्र एकदाच लावलं. दुसरा दिवा लागला. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले आणि त्यांनी यंत्र बंद केलं. तारेला जोड मात्र शेवटपर्यंत देऊ दिला नाही.