रघुवीररावांची करंगळी

आमच्या ठाकूरद्वारच्या नाटक मंडळीत रघुवीरराव पेटी वाजवत. पेटी त्यांच्या गुरूंची, तात्यांची. तात्यांना भलत्याच जागी कोमल निषाद लावायची खोड होती. ते वारले आणि पेटी शिष्याकडे आली.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांआधी आम्ही पोवाडे म्हणायचो. अशाच एका संध्याकाळी मी गात असताना नको तिथं कोमल निषाद वाजला. मी वळून पाहिलं. रघुवीरराव पांढरेफटक.

"कमलताई, मी नाही लावला. तात्यांनी लावला."

पुढे तो स्वर वारंवार येऊ लागला. चालताना रघुवीररावांचे पाय अडखळू लागले. मान वाकवली की पाठीतून वीज सरकायची. "तात्या अंगात उतरतात," ते म्हणत. त्या आवाजात भीती होती, आणि लाडही.

अंबिकावहिनींनी नवऱ्याला परळच्या इस्पितळात नेलं. सोबतीला मी.

"सदऱ्याची बटणं स्वतः लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

"लावतो की."

"लावतात कसले! मी लावते," वहिनी कडाडल्या. "इथं तरी नाटक नको!"

"बरं, मूठ उघडा, मिटा. भरभर." डॉक्टरांनी घड्याळ धरलं. मूठ डौलात उघडमीट करू लागली. "फार हळू चाललंय."

"हळू नाही, विलंबित."

"लय सोडा हो!"

त्यांनी लय सोडली, आणि मूठ अर्ध्यातच अडकली.

"हात पुढे करा. बोटं जुळवा. आता डोळे मिटा."

बाकीची बोटं स्थिर राहिली. करंगळी मात्र, कुणी चिमटीत धरून ओढावी तशी, हळूहळू बाजूला सरकली.

"जुळलेलीच आहेत ना?" मिटल्या डोळ्यांनी त्यांनी विचारलं.

मग त्यांनी डोळे उघडून पाहिलं.

"मानेचे मणके झिजलेत, आतला मज्जारज्जू दाबला जातोय," डॉक्टर म्हणाले. "शस्त्रक्रिया केली नाही तर हात जाईल, पायही."

"आणि केली, तर ते जातील?"

"ते कोण?"

वहिनींनी करंगळी धरून पुन्हा ओळीत बसवली. "जाऊ देत. तुम्ही राहा."

शस्त्रक्रिया झाली. कितीतरी महिन्यांनी ते तालमीला आले. बोटं सरळ, स्वर स्वच्छ. पण तात्यांच्या त्या जागेवर येताच ते थबकले. वाट पाहत राहिले. काहीच वाजलं नाही. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून तो कोमल निषाद मीच गळ्यातून लावला.

रघुवीररावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. पेटीचा भाता मात्र, कुणी श्वास सोडावा तसा, हळूच मिटला.