बागवान चाचींची घागर

ढिगातलं एक गाजर उचलायचं, पदराला पुसायचं, कडाकडा चावायचं आणि मग गिऱ्हाइकाला म्हणायचं, "आधी म्या खाल्लं. आता तुमी घ्या." आमच्या आठवडी बाजारातल्या बागवान चाची अशी दिवसाला पंधरावीस गाजरं संपवत. तुम्ही असता तर तुम्हीही मोजत बसला असता.

कळंबच्या वाटेवर त्यांचा लहानसा मळा होता. पहाटे भाजी उपटायची, विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडीत, धुवायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा.

मी तेव्हा कचेरीत कारकून. पटकीची साथ नुकतीच येऊन गेलेली, म्हणून हुकूम निघाला: मळ्यात धुतलेली भाजी चालणार नाही, बाजारातल्या हौदावरच धुवावी, नाहीतर माल जप्त, बसायची जागा रद्द. हुकूम माझ्याच हातचा. अक्षर माझं वळणदार. अक्कल कुणी मागितली नव्हती.

तपासनीस साहेब आणि मी चाचींपुढे आलो.

"हौदावर धुतली का?"

"न्हाय. त्यात शेवाळ हाय. म्हशी तोंड घालतेत."

"कायदा आहे, बाई."

"कायदा लई चांगला हाय, साहेब. हौद वाईट हाय."

साहेबांनी शिपायाला पाटी उचलायची खूण केली. चाचींनी पाटीवर एक हात दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं मळ्यातून आणलेली घागर पुढं ओढली. "ह्याच विहिरीच्या पाण्यानं गाजरं धुतली. हे म्या पिते. तुमी हौदाचं प्या. मग खुशाल उचला."

त्या तांब्याभर घटाघटा प्याल्या. साहेब हौदाकडं बघत राहिले. बाजारभर हिंडून माझ्या घशाला कोरड पडलेली. चाचींनी तांब्या पुन्हा भरून माझ्यापुढं धरला, आणि मी, कचेरीचा माणूस, हुकुमाचा कागद काखेत दाबून तो रिकामा केला.

"बघा," चाची म्हणाल्या, "तुमच्याच मानसानं पास केलं."

सगळा बाजार हसला. पाटी जागेवरच राहिली. आमची ही म्हणते, "सबंध नोकरीत एकदाच शूर झालात, तेही तहान लागली म्हणून!"

पुढच्या बाजाराला हौद उपसून, घासून लख्ख. चाचींनी ओंजळभर पाणी घेऊन वास घेतला. "आता ब्येस झालं. पर म्या माझ्याच विहिरीवर धुणार." आणि शेवटपर्यंत तिथंच धुतली.

त्यांच्या जागेवर आता दुसरी बाई बसते. गाजरं हौदावर धुतलेली, नियमातली. परवा तिनं ती तोलायला घेतली, तर मी त्यातलं एक उचलून तिच्यापुढं धरलं आणि म्हटलं, "आधी तुमी खावा."

ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. मी गाजर धरून उभाच.