सतरा नंबरचा खण

गेल्या गुरुवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही. गुरुवारी एका बाईला सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे. ओळखणाऱ्यासमोर माणूस नकळत स्वतःला थोडं नीटनेटकं करून घेतो.

माझं वय सत्तर. सोलापुरात एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली. शेवटची सात वर्षं जनरल मॅनेजर होतो. त्या खुर्चीवर मी कसा पोचलो ते सांगायचं आहे. म्हणजे — पोचलो ते सगळ्यांना माहीत आहे. मॅनेजमेंटची डिग्री घेतली म्हणून. नोकरी सांभाळून, एक्कावन्नाव्या वर्षी. निरोप समारंभात तिघा जणांनी भाषणात हेच सांगितलं. मी हात जोडून ऐकत होतो.

शेठजी एकदा म्हणाले होते, "तुमचा डिप्लोमा जुना झाला हो. आता बाहेरचे खरेदीदार येतात, त्यांच्याशी बोलायला एमबीए पाहिजे." बस, एवढंच. मी नोकरदारांसाठीच्या कोर्सला नाव घातलं. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर वर्ग. सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत कारखाना. वर्गात मी सगळ्यांत म्हातारा. पोरं मला 'काका' म्हणायची, आणि प्राध्यापक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. अभ्यास मी जेवणाच्या सुट्टीत करायचो, केबिनचं दार लावून.

मी तेव्हा टॉवेल वाळवायच्या खात्याचा प्रमुख होतो. खात्यातल्या लोकांना मजा वाटायची. ड्रायर चालवणारा नरसय्या तर शनिवार आला की हटकून विचारायचा, "सायब, शाळंला निघालाव? पेपर हाय व्हय आज? दही-साखर खाल्ली का?" सगळे हसायचे. मीही हसायचो. तो शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू घरातला, वडील-आजोबा हातमागावरचे. त्याची बायको अंबुबाई शेजारच्याच शिलाई खात्यात टॉवेलच्या कडा शिवायची. दोघं एका सायकलवर यायची.

सांगतो, सांगतो. मुद्द्यावर येतोय.

शेवटच्या सत्रात प्रकल्प करायचा होता. आपल्याच कारखान्यातली एखादी अडचण शोधायची, ती मोजायची, कमी करून दाखवायची. मी ड्रायर घेतला. टॉवेल वाळताना त्यातून कापसाचे बारीक तंतू सुटतात आणि यंत्राच्या जाळीवर साठतात. म्हणून प्रत्येक पाळीत चाळीस मिनिटं ड्रायर बंद ठेवून जाळी झाडायची, ही जुनी पद्धत. दिवसाच्या तीन पाळ्या. म्हणजे दोन तास यंत्र गप्प. मी ते दोन तास कागदावर मांडले आणि मार्गदर्शक सर खूश झाले. "हे कमी करून दाखवा, काका. प्रकल्प पहिला येईल."

मी कमी केलं. जाळी तीन दिवसांतून एकदाच झाडायची, असं तोंडी सांगितलं. लेखी नाही. का नाही? — कारण लेखी दिलं असतं तर त्याखाली माझी सही आली असती. तपासणीच्या वहीत मात्र तिन्ही पाळ्यांच्या सह्या नरसय्यानंच करायच्या, ड्रायरवरचा जुना माणूस म्हणून. बाहेरचे तपासनीस वही बघायचे ना.

तो पहिल्यांदा हसला. "न झाडता सही? सायब, हे कुटल्या पुस्तकात लिवलंय?"

"कर रे. मी आहे ना," मी म्हणालो.

मी आहे ना. तीन शब्द. त्यानं सही केली.

दोन आठवड्यांनी तो केबिनमध्ये आला. वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी आणलं होतं. उघडलं — जाळीवरचे तंतू. पांढरे असायला हवेत. चहाच्या रंगाचे झाले होते.

"सायब, लई भरतीया. वास बी येतोय करपल्यावानी. झाडू का आज?"

वास मलाही येत होता. रोज सकाळी खात्यात शिरलं की यायचा. इस्त्री कापडावर जरा जास्त वेळ राहिली की येतो तसा. मला तो कळत होता. माझा डिप्लोमाच कापडाचा. पण प्रकल्पाच्या तक्त्यावरची बंद वेळेची रेघ छान खाली उतरत चालली होती, आणि तोंडी परीक्षा बारा दिवसांवर होती. मी म्हणालो, "परवा झाड. ठरलंय तसं."

त्यानं वर्तमानपत्र परत गुंडाळलं. मग पुडी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ड्रायर पेटला. ज्वाळा यंत्राच्या तोंडातून बाहेर आली, जिथून टॉवेल काढतात तिथून. त्या क्षणी तिथं अंबुबाई उभी होती, शिलाईसाठी गठ्ठा उचलायला आलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, आणि मानेची डावी बाजू. नरसय्यानं ओल्या टॉवेलांत तिला गुंडाळलं. मी पाहत होतो. मी पाहत होतो म्हणजे उभा होतो, आणि डोक्यात हिशेब चालला होता. वहीत दर पाळीला जाळी झाडल्याची सही आहे. जाळी स्वच्छ असेल तर आग लागली कशानं?

आता ते, जे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे रीत होती. आत येताना प्रत्येकानं बिडी-काडेपेटी फाटकावर ठेवायची. वॉचमनच्या खोलीत भिंतीला लाकडी खण होते, प्रत्येकाचा नंबर घातलेले. नरसय्या बिड्या ओढायचा, जेवणाच्या सुट्टीत, फाटकाबाहेर. आत कधी नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. त्याचा खण सतरा नंबरचा.

सगळे आगीकडे धावत होते. वॉचमनही बादल्या घेऊन धावला. मी उलट्या दिशेनं चाललो. धावलो नाही, चाललो. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, साहेब अग्निशमनवाल्यांना फोन करायला चाललेत. फोन मी केलाही. त्याआधी सतरा नंबरच्या खणातला बिडीचं बंडल आणि काडेपेटी उचलून पँटच्या खिशात टाकली.

दुपारी चौकशीला अधिकारी आले. नरसय्याला दवाखान्यातून बोलावून घेतलं. कुणी बिडी ओढतं का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नरसय्या ओढतो." खोटं होतं का हे? शब्दानं नव्हतं. वॉचमन म्हणाला, पण तो इथं ठेवून जातो, रोज. सगळे फाटकावर गेले. खण रिकामा होता. वॉचमननं नरसय्याकडे पाहिलं, नरसय्यानं खणाकडे. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. काडेपेटी माझ्या मांडीला टोचत होती.

जाळीचं त्यानं सांगितलं का? सांगितलं. वही समोर ठेवली गेली. त्याच्याच सह्या.

अकरा दिवसांनी मी तोंडी परीक्षेला उभा राहिलो. तक्त्यातली रेघ मी आगीच्या आदल्या आठवड्यावरच तोडली होती. बंद वेळ दोन तासांवरून चाळीस मिनिटांच्या खाली. परीक्षकांनी एकच शंका विचारली — कामगारांनी बदल कसा स्वीकारला? मी म्हणालो, विश्वासात घेतलं. पहिला वर्ग मिळाला.

नरसय्याला काढून टाकलं. एमआयडीसीतल्या कुठल्याच फाटकातून त्याला पुन्हा आत घेतलं नाही. बिडीवाला म्हटलं की लोक ओळखायचे. मार्केट यार्डात तो पोती उचलायला लागला. हे सगळं झालं, पण याहून वाईट एक झालं, आणि ते मला पाच वर्षांनी कळलं. भाजी बाजारात त्यानंच मला हाक मारली. हाक मारण्यात राग नव्हता.

"सायब, एक काम करताव का? घरी येऊन अंबूला सांगा की, मी बिडी गेटवर ठिवत होतो म्हून. तुमाला म्हाईत हाय. माझं ती आयकत न्हाय. पाच वर्सं झाली, माझ्यासंगं बोलंना. ताट वाढती, सरकवती, अन् तोंड फिरवती. हात बघती सोताचं आन् माझ्याकडं बघती. सायबाचं आयकंल ती."

खणाबाबत त्याला माझा संशयही नव्हता. त्याला वाटत होतं, खणातून कुणीतरी चोरलं असेल. मी म्हणालो, "येतो."

गेलो नाही. त्याच वाटेनं जायला लागू नये म्हणून भाजी दुसरीकडून घ्यायला लागलो. दोन वर्षांपूर्वी तो वारला. ती त्याच्याशी बोलली नव्हती, शेवटपर्यंत.

मग आताच का सांगितलं? वय झालं म्हणून, असं म्हणू? तो जिवंत असताना नाही सांगितलं, मग सांगायचा अर्थ काय?

गुरुवारी दुपारी गेलो. पूर्व भागात, अरुंद गल्लीत दोन खोल्या. ती उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. हातांची कातडी अजून ओढलेली, बोटं पुरती वळत नाहीत. मला ओळखलं तिनं. "सायब? हिकडं कुटं?" मी उभ्यानंच सांगितलं. जाळी, वही, खण, खिसा. सगळं.

तिनं लसूण खाली ठेवला. म्हणाली, "परत सांगा."

परत सांगितलं.

"मोठ्यानं."

मोठ्यानं सांगितलं. समोरच्या घरातून माग थांबल्याचं कळलं. दोन बायका बाहेर आल्या, एक म्हातारा आला. तिनं 'पुन्हा' म्हणून बोट वर केलं, तसं मी त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा सांगितलं.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी तयारी करून गेलो होतो. ती माझ्याकडे बघेचना. शेजारणीकडे वळली आणि तेलुगूत बोलली. तीस वर्षं त्या लोकांत काढल्यानं मला ते कळतं. "तो खरं बोलत होता गं. चूक माझी. मीच ऐकलं नाही."

चूक तिची नाही. मी गल्लीत उभा होतो आणि हे वाक्य माझ्या तोंडून तेव्हाही निघालं नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो. चूक तिची नाही.