सुपाएवढी पृथ्वी कोणाची?

मैत्रिणींनो, आधी एक दुरुस्ती. मागच्या वेळी आपल्या फिरत्या पत्रात मी लिहिलं होतं, की माझ्या गोष्टीतली सुपासारखी सपाट पृथ्वी मला काकांनी सुचवली. ते खरं नव्हतं. मला घरी शिकवताना काकांनी हातात बेलफळ देऊन पृथ्वी गोल असल्याचंच सांगितलं होतं. सूप माझं होतं. त्यांना मान मिळावा म्हणून मी त्यांचं नाव घातलं, आणि ते पत्र त्यांनाही वाचायला दिलं.

आज दुपारी आमच्या अंगणात वडसा गावी होणाऱ्या नाटकाची तालीम झाली. नाटक काकांनी लिहिलंय. पहिल्याच प्रवेशात समोर माझंच जग! तीन बाजूंना डोंगरांची कड, चौथी बाजू उघडी, आणि त्या उघड्या काठावर वसलेलं गाव.

मी म्हटलं, "काका, हे तं माहं हाय."

"तुहं काऊन? तूच तं पत्रात लिवलं ना, काकानं सुचवलं म्हणून!"

"पोरीले पृथ्वीची मालगुजारी पायजे, सारी मालकी!" एक नट म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले.

नाव गेलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण माझ्या गावातलं कोणी काठावरून पडत नाही. खालून येणारा वारा त्यांना परत आत लोटतो. काकांनी मात्र लोकांना हसू यावं म्हणून सगळं गाव खाली पाडलं.

ज्यांनी अक्षर शिकवलं, त्यांच्याविरुद्ध बोलावं का? तुम्ही बोलला असता? पण या पानाची एक प्रत मी ठेवून घेतली आहे. ती तालमीत सगळ्यांसमोर वाचणार आहे, येत्या शुक्रवारी.