रानातले डबे आणि रेडकरबाई

रेडकरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत एका बाकाखाली होता आणि समोर हवालदार उभा होता. भायखळ्याची बाग, सकाळची वेळ. बेवारस वस्तूला हात लावू नका, असं ज्या शहरात भोंग्यावरून उठताबसता सांगतात, तिथे साठीची बाई कॅनव्हासचे बूट घालून बाकाखाली चाचपतेय म्हटल्यावर हवालदार तरी काय करणार? बाई मात्र निवांत. लोहचुंबकाने चिकटवलेली, काजळाच्या डबीएवढी डबी त्यांनी ओढून काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घ्या, तुम्हीच उघडा. फुटलीच तर तुमच्याआधी मी आहे."

डबीतून कागदाची सुरळी निघाली. तिच्यावर नुसती नावं. बाईंनी आपलं नाव लिहिलं, हवालदाराला लिहायला लावलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "बघतोस काय मेल्या, पेन घे!"

असा मी जिओकॅशिंगमध्ये पडलो. कोणीतरी डबी लपवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टाकतो. बाकीच्यांनी ती शोधायची, नाव लिहायचं आणि होती तशी ठेवून यायचं. मोठ्या डब्यात भेटवस्तूही असते; एक घ्यायची, एक ठेवायची. बाईंनी हा खेळ निवृत्तीनंतर मोबाइलवर स्वतःच शोधून काढला होता. परळच्या चाळीत त्या एकट्या राहत, पण एकट्या कधी दिसल्या नाहीत. चाळीतले चारसहा जण आणि माझ्या लोअर परळच्या ऑफिसातले काही, असा आमचा गट त्यांनी जमवला. चाळीत आम्हाला 'डबेवाले' म्हणत. पगार नाही एवढाच फरक.

गट जमल्यावर बाईंना शहर पुरेना. मुंबईच्या उत्तरेला राखीव जंगल आहे. तिथल्या पायवाटांवर वनखात्याच्या परवानगीने काही डबे ठेवलेले होते, त्यांची देखभाल बाईंनी अंगावर घेतली. जंगलात शिरलं की बाई वेगळ्याच होत. आवाज खाली यायचा, शिस्त वर जायची. डबा पुरायचा नाही, दगड उलटायचा नाही, फांदी मोडायची नाही. "शोधायचं डोळ्यांनी. हातांना सुट्टी," असं त्या फाटकातच बजावत. पायवाट सोडून कोणी पाऊल टाकलंच तर ठेवणीतली मालवणी बाहेर यायची. "रान काय तुझ्या बापाशीचा आसा?"

एवढ्या कडक बाईंच्या हातून चूक झाली ती संक्रांतीला. आणि झाली तीही संस्कारामुळे! शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्या रक्तातच असतं. जंगलातल्या एका डब्यातून बाईंनी कोणीतरी ठेवलेली शिंपल्याची माळ घेतली, आणि सणाच्या दिवशी बदल्यात नेहमीसारखं एखादं बटण काय ठेवायचं, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत तिळाचे लाडू ठेवले. दुसऱ्या दिवशी माकडांनी डबा फोडला. वनरक्षकाने आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. वाटभर डब्याचे तुकडे, आणि एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून पिशवी चघळत बसलेली. पाठोपाठ वनाधिकाऱ्यांचा निरोप आला. सगळे डबे काढा, खेळ बंद.

लाडू कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर कधी कळलंही नसतं. बाई दुसऱ्याच दिवशी मला घेऊन अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेल्या. "साहेब, लाडू माझे होते."

साहेब तरुण होते. चिडलेले होते आणि त्यांचं बरोबरच होतं. "मावशी, तुमच्या वयाकडे बघून मी जास्त बोलत नाही."

"वयाकडे नका बघू. त्या माकडिणीकडे बघा आणि काय ते बोला."

मग ते बोलले. बाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "डबे बंद करा, मी स्वतः काढून देते. पण खेळ बंद करू नका. रानात जे आहे तेच आम्ही शोधू. नवं काही ठेवणारच नाही." साहेबांनी साफ नकार दिला. बाहेर आल्यावर बाई जिन्यात बसल्या. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "रानातून हाकलल्यासारखं झालं रे," एवढंच म्हणाल्या.

डबे मात्र शब्द दिल्याप्रमाणे काढले. वनरक्षक बरोबर असायचा, बाई पुढे. सगळ्यात जुना डबा एका कातळाच्या कपारीत होता. बाईंनी हात घातला आणि तसाच मागे घेतला. डब्याच्या पाठीला पालीची पांढरी अंडी चिकटलेली होती. वनरक्षक म्हणाला, "काढा हो, पालच ती." बाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "एक डबा राहिलाय. पिल्लं बाहेर पडली की आणून देते. तोवर माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल."

पावसाळ्याच्या तोंडावर तो रिकामी टरफलं चिकटलेला डबा बाईंनी साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "थंडीत एक रविवार देतो. मागून माझा माणूस गोणी घेऊन चालेल. तुमचा एक कपटा जरी सापडला तरी खेळ कायमचा बंद."

त्या रविवारी आम्ही फाटकाशी जमलो. बाईंनी एकेकाची पिशवी तपासून चिवड्याची, बिस्किटांची पाकिटं काढून आम्ही आलो त्या बसमध्ये ठेवायला लावली. माझ्या ऑफिसातल्या साहेबांचीसुद्धा! डबा एकही नव्हता. अक्षांश-रेखांश पाहून जागी पोचायचं, उभं राहून नीट बघायचं आणि बाईंनी विचारलेल्याचं उत्तर मोबाइलवर लिहायचं. या वारुळाचं तोंड कुठल्या दिशेला? या पुलाखालच्या दगडावर कोणाच्या पायांचे ठसे? डबे शोधताना ज्या झाडाला कित्येकदा टेकून उभा राहिलो होतो, त्याच्या खोडावरचे अस्वलासारखे केस खरं तर सुरवंट आहेत, हे मला त्या दिवशी दिसलं. मी पटकन दूर झालो. बाई गालातल्या गालात हसल्या.

परतलो तर साहेब फाटकात उभे. त्यांनी गोणी घेतली आणि सगळ्यांसमोर उलटी केली. एक पाकीट खाली पडलं. शेंगदाण्याच्या चिक्कीचं.

बाईंचा चेहरा उतरला. एकेकाकडे त्या पाहत गेल्या आणि आम्ही सगळे न केलेल्या गुन्ह्याने कावरेबावरे झालो. तेवढ्यात गोणीवाला वनरक्षक पुढे आला आणि कान पकडून म्हणाला, "साहेब, ते माझं आहे. नाश्त्याचं. वाटेवर टाकता येईना, म्हणून गोणीत टाकलं. बाकी काही सापडलंच नाही."

आधी साहेब हसले, मग सगळं फाटक हसलं. साहेबांनी बाईंपुढे हात जोडले. "मावशी, रान तुमचं. दर रविवारी या."

बाईंनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही शिट्टी मारली, की झाडावरचे पोपट उडाले. मग स्वतःच दचकल्या, तोंडावर हात ठेवला आणि पोपटांकडे बघत हळूच म्हणाल्या, "बसा रे बाबांनो, बसा. चुकलंच माझं."