परळचे ओव्हरकोट

परळच्या ऑक्टोबरात गळ्यापर्यंत बटणं लावून, लोकरीचे ओव्हरकोट घालून उभं असलेलं आमचं कुटुंब स्कॉटलंडमधल्या एका गावात भिंतीवर टांगलेलं आहे. आमच्याकडे बघून हळहळणारी माणसं तिथे अजून आहेत. मी स्वतः पाहून आले.

या सगळ्याचं मूळ पंख्यात आहे. माझे वडील, पप्पा, परळच्या एका छोट्या ख्रिस्ती देवळाचे पाळक होते. वर पत्रे, खाली बाकं आणि मध्ये पप्पांचा पाऊण तासाचा उपदेश! आवारात पुढच्या घरात मिशनरी मॅक्रेसाहेब, त्यांच्या मडम आणि दोन मुलं राहत. मागच्या घरात आम्ही. मडमबाई पाच वर्षांत मराठी शिकल्या, माझ्या आईबरोबर पापड लाटायला शिकल्या. उकाडा सोसायला मात्र त्यांना काही जमलं नाही. त्यातच भायखळ्याच्या एका देवळात विजेचे पंखे लागले आणि आमची मंडळी एकेक करून तिकडे सरकू लागली. (श्रद्धा तीच, वारा वेगळा!)

"असंच चाललं तर नाताळला मी बाकांना उपदेश करीन," पप्पा म्हणाले, "आणि नव्या वर्षात मिशन या दाराला कुलूप घालील."

ते हसत बोलले, पण त्या रात्री जेवले नाहीत.

मडमबाईंनी आपल्या गावच्या महिला मंडळाला पत्र लिहायचं ठरवलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, रविवारच्या शाळेत शिकवणारी, म्हणजे जगातलं सगळं कळणारी! मी म्हटलं, "मडमबाई, थेट पंखे मागू नका हं. बरं दिसत नाही. नुसतं सुचवा."

बिचाऱ्यांनी माझं ऐकलं. लिहिलं की, इथली हवा सोसवत नाही, लोकांचे हाल होतात, जमेल ती मदत करा.

काही महिन्यांनी बोटीने भलीमोठी पेटी आली. सगळं आवार गोळा झालं. पप्पांनी प्रार्थना केली, साहेबांनी झाकण उचकटलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. वर एक ओव्हरकोट होता.

"पंख्यांना धक्का लागू नये म्हणून गुंडाळलंय," आई म्हणाली. "किती काळजी ती! खाली बघा."

खाली ओव्हरकोट होता. त्याखाली ओव्हरकोट, मफलर, लोकरीचे मोजे आणि तळाशी एक केसाळ टोपी. स्कॉटलंडमध्ये हवा सोसवत नाही म्हणजे थंडी सोसवत नाही, दुसरं काय असणार?

समोरच्या चाळीतले गिरणीकामगार सावंतकाका कुंपणावरून डोकावले. "काय ओ पाळकबाबा, खंय चाललात? हिमालयात?"

पेटीत चिठ्ठी होती. कपडे घातलेला फोटो पाठवा, बहिणींना आनंद होईल. मी पुन्हा पुढे झाले. "आधी त्यांना खूश करू या. सगळं घालू. मग पुढच्या पत्रात पंखे!"

"सगळं?" पप्पांनी विचारलं.

"सगळं!"

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता त्या दिवशी सगळे घरीच सापडले. फोटोला उजेड बरा म्हणून साहेबांनी आम्हांला रस्त्याकडच्या भिंतीपुढे उभं केलं. तिथे सावंतकाकांनी डांबराने लिहून ठेवलं होतं, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' साहेब जरा अवघडले. "आम्ही या देशात पाहुणे. फोटोत राजकारण नको." मग आम्ही आडवेतिडवे उभे राहून जमेल तेवढं झाकलं. 'झालाच पाहिजे!' तेवढं माझ्या डोक्यावर शिल्लक राहिलं.

पप्पांचा कोट घोट्यापर्यंत. माझ्या गळ्यात दोन मफलर. केसाळ टोपी आईच्या वाट्याला आली.

"वेणी काढ, टोपी नीट बसेल," पप्पा म्हणाले.

"टोपी घालीन. वेणी काढणार नाही!"

साहेब कॅमेऱ्यात बघत होते. बघतच होते. पप्पांच्या हनुवटीवरून घाम गळू लागला. तेवढ्यात लालबागकडून मोर्चा आला, घोषणा देत देत आमच्यासमोर पोचला आणि एकदम गप्प झाला. पोलिसांना जे जमलं नव्हतं ते आम्ही करून दाखवलं!

मोर्च्यातून सावंतकाका ओरडले, "पाळकबाबा, आधी तां घोंगडां काढा! मरशात!"

"फोटो होऊ दे!" पप्पा कसेबसे म्हणाले. तेव्हा मोर्च्यातल्या दोघांनी पुढे येऊन हातातल्या फलकांनी त्यांना वारा घातला. साहेबांनी कळ दाबली. पप्पा बाजूला जाऊन आडवे झाले.

उत्तर आलं ते मडमबाईंनी पायरीवर उभ्याने वाचून दाखवलं. 'फोटो पाहून आम्हांला रडू आवरेना. एवढे कपडे एकदम घालावे लागतात, म्हणजे तुमच्याकडे थंडी केवढी! मागच्या भिंतीवर तुम्ही लिहिलेले आभाराचे शब्द तर काळजाला भिडले. आणखी दोन पेट्या पाठवत आहोत.'

मडमबाई पायरीवर बसल्या, पदर नव्हता म्हणून आईचा पदर घेतला, आणि हसता हसता रडल्या. मला तर मफलरमध्ये तोंड लपवावंसं वाटलं.

त्या दोन पेट्याही येऊन पडल्या, तेव्हा अखेर वाट काढली सावंतकाकांनी. त्यांचा भाचा माझगावच्या बर्फाच्या कारखान्यात होता. तिथले कामगार गोणपाटं पांघरून लाद्या उचलत. कारखानदाराने तिन्ही पेट्या उचलल्या आणि बदल्यात चार पंखे दिले. नाताळला ते फिरले. बाकं भरली होती. मडमबाईंनी मंडळाला कळवलं, 'कोट फार उपयोगी पडले.' त्यात खोटं काहीच नव्हतं. भिंतीवरच्या शब्दांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही.

पुढे महाराष्ट्र झाला. मॅक्रे कुटुंब मायदेशी गेलं. म्हातारपणी मला त्यांच्या मुलीने स्कॉटलंडला बोलावलं. रिकाम्या हाताने कसं जायचं? आमच्या महिला मंडळात मीच सुचवलं, "वाळ्याचे पंखे नेते! पाणी शिंपडून वारा घेतला की काय सुवास!" दोन डझन पंखे घेऊन मी पोचले ती फेब्रुवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ! तिथल्या आजीबाईंनी मला बघताच आधी एक ओव्हरकोट चढवला. (या वेळी मी बिनतक्रार घातला.) मग प्रत्येकीने पंखा घेतला, त्यावर पाणी शिंपडलं आणि भिंतीवरच्या आमच्या फोटोखाली रांगेत उभं राहून, कुडकुडत, हसतमुखाने वारा घेत फोटो काढून घेतला.

तो फोटो आता आमच्या देवळात लावलाय. परवाच्या सभेत तो बघून सगळ्याजणी गहिवरल्या. "किती मनापासून वारा घेतायत बिचाऱ्या!"

पुढच्या वर्षी दुप्पट पंखे पाठवायचा ठराव एकमताने पास झाला. मांडला अर्थात मीच!