समुद्रकिनारी एक संध्याकाळ

कपाटात लाल शाईची जुनी दौत सापडली. झाकण उघडताच तो उग्र वास आला आणि चिंचवडची माझी खोली आठवली. साल पंचावन्न असेल. एम.ए. करता करता मी पुण्याच्या एका कॉलेजात निबंध शिकवत होतो. विभागप्रमुखांनी विषय ठरवून दिला होता, ‘समुद्रकिनारी एक संध्याकाळ’.

चऱ्होलीचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, समुद्र आमी पाह्यला न्हाई. इंद्रायणीवर लिवू का?”

“दिलाय त्याच विषयावर लिहा!” मी खेकसलो.

खोलीवर वह्या तपासताना डोकं फिरलं. प्रत्येक वहीत गाइडातला तोच सोन्याचा गोळा बुडत होता. त्याच्या वहीत मात्र एकच ओळ होती, ‘मी समुद्र पाहिलेला नाही.’ मी रागाने तिच्याखाली भलंमोठं लाल शून्य काढलं.

तोवर समुद्र मीही पाहिला नव्हता.